जुन्याच डेस्कटॉपला हात लावायचा, की नवा जोडायचा?

पैसे मोजके आहेत आणि मशीन रडतंय? मग खरेदीला निघण्याआधी रोजची कामं चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल; मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते तो दाखवतो. ब्राउझर उघडताना डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसते आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, मात्र १५-२० टक्क्यांवर निवांत, असं दिसलं तर दोष प्रोसेसरचा नाही, हार्ड डिस्कचा आहे.

अशा वेळी जुन्या मशीनचंच पारडं जड. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ७२०० वेळा फिरते, तरी विखुरलेली माहिती गोळा करताना दर खेपेला दहाएक मिलिसेकंद जातात. तिच्या जागी बसणाऱ्या, फिरता भाग नसलेल्या एसएसडीला त्याच कामाला एक दशांश मिलिसेकंद पुरतो. मदरबोर्डवर एम.२ स्लॉट, म्हणजे वेगवान एनव्हीएमई एसएसडी थेट बसवायची जागा, नसला तरी हळहळू नका. केबलने जोडायच्या साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, एनव्हीएमईचा त्याच्या कित्येक पट; पण टायपिंग, ब्राउझिंग, हिशेब यांत दोन्हींतला फरक हाताला जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की मात्र पहिल्याच दिवशी कळतं.

रॅमचं, म्हणजे चालू कामाच्या मेमरीचं, गणितही सोपं. ८ जीबीवर मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर १६ करा. फक्त बोर्डला रॅमची कुठली पिढी चालते, डीडीआर३, ४ की ५, ते आधी बघा. तिन्हींच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट मोडेल.

आता नव्याची बाजू. सीपीयूच १०० टक्क्यांवर अडकत असेल, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग किंवा तशीच जड कामं असतील, तर एसएसडीने भागणार नाही. दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मदत, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली जात नाही. त्याहून जुना प्रोसेसर असेल आणि विंडोज सोडून लिनक्सवर जायची तयारी नसेल, तर त्या बोर्डासाठी आणखी रॅम घेणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं.

याला अपवाद एएम४ बोर्डांचा, म्हणजे एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरसाठीच्या एएम४ सॉकेटवाल्या बोर्डांचा. पहिल्या पिढीचा रायझन असलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो. बोर्ड, रॅम, कॅबिनेट सगळं तेच. जुन्या मशीनला इतकं दीर्घायुष्य क्वचितच लाभतं. इंटेलवाल्यांना बहुतेकदा बोर्डही बदलावा लागतो.

नवा जोडायचा तर एएम४ की त्यानंतरचं सॉकेट एएम५? एएम५ ला डीडीआर५ च लागते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च वाढतो, पण पुढे प्रोसेसर बदलायची वाट मोकळी राहते. चार-पाच वर्षं मशीन उघडणारच नसाल तर त्या मोकळ्या वाटेचे पैसे कशाला मोजायचे? एएम४ घ्या.

कॅबिनेट, कीबोर्ड, मॉनिटर जुने चालतात. एसएमपीएसबाबत, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याबाबत, मी हट्टी आहे: जुना, अनोळखी, वजनाला हलका एसएमपीएस नव्या बोर्डाला लावू नये. तो गेला तर कधीकधी सोबत बोर्डही घेऊन जातो. जुनं मशीन कंपनीने जोडून दिलेलं, तयार घेतलेलं असेल तर त्याच्या पॉवरच्या पिना आणि बोर्डाचं माप कंपनीने आपल्या सोयीने ठेवलेलं असू शकतं. कॅबिनेट वापरायचं ठरवण्याआधी उघडून बघा.

ग्राफिक्स कार्ड? गेम खेळत नसाल तर नकोच. मात्र मग प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स हवं. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर ते नसतं. रायझन ५००० मध्ये सहसा जी असेल तरच असतं. मी एकदा शेवटचं अक्षर न बघता स्वस्तातला एफवाला घेतला, सगळं जोडलं, पंखे फिरले, आणि तासभर मॉनिटरची केबल काढून-घालून बघत बसलो.