पेनड्राइव्हवरचे व्हिडिओ टीव्हीवर बघायला व्हीएलसी: गावाकडच्या घरात वापरून लिहितोय

आधी निकाल सांगून टाकतो. अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही असेल आणि घरात लग्नाचे, आखाजीचे (म्हणजे अक्षय तृतीयेचे), कानबाईचे (म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाचे) व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये पडून असतील तर टीव्हीवर व्हीएलसी हे व्हिडिओ चालवायचं ॲप टाकून घ्या. फुकट आहे, मध्ये जाहिराती नाहीत, आणि फाइल टीव्हीच्या आत कॉपी करायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही, पेनड्राइव्ह लावा आणि तिथूनच चालवा. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात. वायफाय आहे पण वादळ-पाऊस आला की पहिलं तेच जातं, आणि संध्याकाळी मोबाइलची रेंज अशी की यूट्यूब गोल गोल फिरत राहतं. त्यामुळे आमच्याकडे टीव्हीचं यूएसबी पोर्ट म्हणजे शोभेची गोष्ट नाही, रोजच्या वापराची आहे. आखाजीला बहिणी माहेरी येतात, उधन्याहून सुरतवाले येतात, सगळ्यांना जुनी रेकॉर्डिंग बघायची असतात. आमची मोठी काकू कानबाईची गाणी फार गोड म्हणायची, ती आता नाही, तिचा आवाज फक्त एका जुन्या शूटिंगमध्ये राहिलाय. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता ॲपचा नाही, त्या फाइल नीट दिसल्या पाहिजेत, ऐकू आल्या पाहिजेत आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाबूत राहिल्या पाहिजेत.

टीव्ही ४३ इंची आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या बजेटमधल्या बऱ्याच टीव्हींचं हेच आहे. त्याच्यातच आलेला जो मीडिया प्लेअर आहे त्यात कानबाईचं शूटिंग लावलं तर चित्र एकदम स्वच्छ आणि आवाज शून्य. आबा खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, "काबर रे भाऊ, आवाज काबर येत नही?" पेनड्राइव्ह खराब नव्हता, फाइलही खराब नव्हती. शूटिंगवाल्याने कॅमेऱ्यातल्या एमटीएस फाइल तशाच दिल्या होत्या, त्या फाइलमध्ये चित्र एच.२६४ चं (चित्र दाबून साठवायची एक पद्धत) असतं आणि आवाज बऱ्याचदा डॉल्बी डिजिटलचा म्हणजे एसी३ असतो. डॉल्बीचं लायसन्स कंपनीला पैसे देऊन घ्यावं लागतं, ते घेतलं नसेल तर टीव्ही चित्र दाखवतो आणि आवाजाच्या वेळी गप्प बसतो. पिक्चरच्या एमकेव्ही फाइलमध्ये हाच त्रास डीटीएस आवाजाचा (डॉल्बीसारखाच आवाजाचा दुसरा प्रकार) होतो, आणि तो फक्त स्वस्त टीव्हीत होतो असं समजू नका. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून डीटीएस काढलं होतं, एलजीने २०२० मध्ये काढलं आणि २०२३ मध्ये काही मॉडेलमध्ये परत आणलं. म्हणजे महागडा टीव्ही घेतला तरी दुकानात स्वतःची फाइल लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, दुकानदार तयार होतात, लाजायचं काही कारण नाही.

व्हीएलसीमध्ये तीच फाइल लावली आणि काकूचा आवाज आला. घरात सगळे एकदम शांत झाले, आई तर पदराने डोळे पुसत होती.

हे होतं कसं, तर व्हीएलसी चित्र-आवाज उलगडायचं काम टीव्हीच्या भरवशावर सोडत नाही, स्वतःचे डिकोडर सोबत घेऊन येतं. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी हे काम सुरू केलं, २००१ मध्ये ते ओपन सोर्स झालं म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला झाला, आणि आजही व्हिडिओलॅन नावाची ना-नफा संस्था ते चालवते. एवढं चांगलं सॉफ्टवेअर इतकी वर्षं फुकट देणाऱ्या लोकांना मनापासून नमस्कार.

टीव्हीवर टाकायला प्ले स्टोअरमध्ये जाऊन शोधा, येतं. पहिल्यांदा उघडल्यावर ते फाइल बघायची परवानगी मागतं, ती पूर्ण द्या, अर्धवट दिली तर व्हिडिओ दिसतात पण सबटायटलसारख्या बाकीच्या फाइल दिसत नाहीत आणि मग लोक ॲपला नावं ठेवतात. पेनड्राइव्ह लावला की ब्राउझिंगच्या रांगेत त्याचं नाव येतं, आत गेलं की फोल्डर दिसतात. रिमोटने आवाजाचा ट्रॅक बदलता येतो, आवाज पुढेमागे होत असेल तर जुळवता येतो, आणि व्हिडिओ अर्ध्यात सोडला तर पुढच्या वेळी तिथूनच चालू होतो. हे शेवटचं आमच्याकडे फार कामाचं, कारण पाच तासांचं लग्न एका बैठकीत कोण बघतं, आणि उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो.

आता अर्धा मार्क कापला त्याचं. ४के मधल्या १० बिट एचईव्हीसी फाइल म्हणजे एच.२६४ च्या पुढच्या, एच.२६५ वाल्या, त्या कधी कधी व्हीएलसीमध्ये अडखळतात, चित्र थांबत थांबत येतं. आमच्या टीव्हीत रॅम दीड जीबी, प्रोसेसर साधा. अशा फाइल हार्डवेअरच्या म्हणजे टीव्हीतल्या चिपच्या मदतीनेच नीट चालतात, म्हणून सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद पडलंय का ते आधी बघा, आणि तरी अडखळलं तर तेवढी फाइल टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये लावा, तिथे ती गुळगुळीत चालते. दोन्ही प्लेअर ठेवायचे, जो ज्याच्यात बरा. पुतण्याच्या लग्नातली ड्रोनची क्लिप मी अशीच टीव्हीच्या प्लेअरमध्ये दाखवतो.

पेनड्राइव्हचं बोलू. नवीन ६४ जीबीचा जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणला, त्याच्यावर लग्नाची मोठी फाइल टाकली, टीव्ही म्हणे ड्राइव्ह सपोर्ट करत नाही. इथे फॉरमॅटचा, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइल मांडून ठेवायच्या पद्धतीचा, खेळ आहे आणि तो एकदा समजला की आयुष्यभराचं काम होतं. फॅट३२ जवळजवळ सगळे टीव्ही वाचतात पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. ६४ जीबी आणि वरचे पेनड्राइव्ह बहुतेक एक्सफॅटमध्ये येतात, त्यात मोठी फाइल बसते पण बरेच टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, आमचाही वाचत नाही. एनटीएफएस वाचतो. म्हणून कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हला राइट क्लिक, फॉरमॅट, एनटीएफएस निवडलं, फाइल परत टाकल्या आणि विषय संपला. फॉरमॅट मारताना आतलं सगळं पुसलं जातं हे लहान पोरालाही माहीत आहे पण तरी सांगतो, आधी कॉम्प्युटरवर काढून घ्या.

आणि यापेक्षा मोठा धोका टीव्हीतच बसलाय, हे नीट वाचा. अँड्रॉइड टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की काही वेळा विचारतो की याला डिव्हाइस स्टोरेज म्हणून सेट करायचं का. अँड्रॉइड ६ पासून ही सोय आहे, टीव्हीची जागा वाढवायला. त्यावर हो म्हटलं की टीव्ही पेनड्राइव्ह पूर्ण पुसतो, स्वतःच्या पद्धतीने एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करतो, आणि त्यानंतर तो पेनड्राइव्ह फक्त त्याच टीव्हीवर चालतो, कॉम्प्युटरला लावला तरी काही वाचता येत नाही. लग्नाची एकमेव कॉपी असलेला पेनड्राइव्ह घरातल्या पोराने लावला आणि रिमोटचं ओके दाबलं तर झालं मातेरं. रिकाम्या पेनड्राइव्हसाठी ती सोय चांगली आहे, ॲप टाकायला जागा मिळते, पण आठवणींच्या पेनड्राइव्हला तिथे फक्त ब्राउझ किंवा रिमूव्हेबल स्टोरेज निवडायचं. आणि ज्यांच्याकडे लग्नाची एकच कॉपी आहे त्यांनी आज संध्याकाळीच दुसरी काढावी, हे मी हात जोडून सांगतो.

बरेच जण विचारतात की टीव्हीच्या आतच कॉपी करून टाकलं तर, म्हणजे पेनड्राइव्ह लावायची कटकटच नको. होतं, त्यासाठी एक्स-प्लोअर नावाचा फाइल मॅनेजर मला सगळ्यात बरा वाटला. त्यात दोन बाजू असतात, एका बाजूला पेनड्राइव्ह उघडायचा, दुसऱ्या बाजूला टीव्हीची मेमरी, फाइल निवडून कॉपी म्हटलं की या बाजूची त्या बाजूला जाते, रिमोटने चालवायला सोपं आहे. पण टीव्हीवर ८ जीबी लिहिलं असलं तरी सिस्टिम आणि ॲप धरून हातात येतात चार-पाच जीबी, कधी त्याहून कमी, आणि लग्नाची एक फाइलच तेवढी असते. मेमरी गच्च भरली की टीव्हीच हळू होतो, रिमोट दाबलं की विचार करून उत्तर देतो. शिवाय कॉपी चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते आणि पेनड्राइव्ह बिघडायचीही भीती, नुसतं बघताना लाइट गेली तर तेवढी भीती नसते. म्हणून मी आत ठेवलंय फक्त थोडं, सकाळच्या आरत्यांचे एमपी३ आणि घरातल्यांचे फोटो. बाकी सगळं पेनड्राइव्हवरच. एक्स-प्लोअरला पाचपैकी चार, काम चोख करतं पण स्क्रीनवर गर्दी फार आहे, आईला ते उघडता येत नाही. आणि ही कॉपीची सोय अँड्रॉइडवाल्यांनाच आहे, सॅमसंगची टायझेन आणि एलजीची वेबओएस ही स्वतःची सिस्टिम असलेल्या टीव्हीत असे व्हिडिओ आत कॉपी होत नाहीत, तिथे यूएसबीवरूनच चालवायचं.

पोर्टचंही सांगतो. बहुतेक टीव्हीचं पोर्ट यूएसबी २.० असतं, व्हिडिओ बघायला ते भरपूर झालं, महागडा ३.० चा पेनड्राइव्ह टीव्हीसाठी मुद्दाम घेऊ नका, त्याचा फायदा कॉम्प्युटरवर भरताना होतो. पण पोर्टेबल हार्ड डिस्क लावणार असाल तर पोर्टजवळ किती अँपिअर लिहिलंय ते बघा, यूएसबी २.० ला ५०० मिलीअँपिअर मिळतात आणि तेवढ्यात काही डिस्क फिरत नाहीत, टक टक आवाज येतो. असा आवाज आला तर लगेच काढा. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीला मागे हात जात नाही त्यामुळे छोटी एक्स्टेन्शन वायर घेऊन पोर्ट बाजूला काढून ठेवलंय, आणि त्याचा दुसरा फायदा म्हणजे पेनड्राइव्ह टीव्हीच्या गरम पाठीला चिकटून राहत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे ४५ च्या वर पारा जातो तेव्हा हे महत्त्वाचं आहे.

जुन्या लग्नांच्या डीव्हीडी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी. डीव्हीडीमध्ये एकेक जीबीच्या व्हीओबी फाइल असतात, टीव्हीचा प्लेअर एक संपली की थांबतो, हळद एका फाइलमध्ये आणि फेरे दुसऱ्यात. व्हीएलसी त्या ओळीने लावतं. पण कायमचं काम करायचं असेल तर कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळं फोल्डर द्या, एच.२६४ आणि एएसी आवाजाची एक एमपी४ बनवा, ती जवळजवळ कुठल्याही टीव्हीवर चालते, आवाजासकट. हलणाऱ्या माणसांच्या कडेला आडव्या रेषा दिसत असतील तर त्यातच डीइंटरलेस चालू करायचं, नाचताना दिसणाऱ्या त्या रेषा जातात. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चंच असतं, मोठ्या टीव्हीवर ते थोडं पुसट दिसणारच, त्याला इलाज नाही, पण डीव्हीडी बुरशीने जायच्या आधी हे करून ठेवा.

मोबाइलमधलं टीव्हीवर न्यायला टाइप सी वाला दुतोंडी पेनड्राइव्ह घ्या, एक बाजू फोनला, दुसरी टीव्हीला, वायर नाही नेट नाही. यूट्यूबमध्ये ऑफलाइन सेव्ह केलेली अहिराणी गाणी मात्र अशी नेता येत नाहीत, ती ॲपच्या आतच राहतात. गाणी नंबरने लावायची असतील तर एक ते नऊच्या आधी शून्य लावा नाहीतर एकच्या नंतर दहा वाजतं. आणि आयफोनवाल्या भाच्यांनी फोटो दिले तर ते बऱ्याचदा एचईआयसी असतात, टीव्ही उघडत नाही, त्यांना फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅटला जाऊन मोस्ट कम्पॅटिबल करायला सांगा, पुढचे फोटो जेपीजीत येतात.