युवर्स फेथफुली की युवर्स सिन्सिअरली? अर्जाच्या तळाला काय घालायचं

परवा भाचीनं इथं बेळगावात उद्यमबागेतल्या एका फॅक्टरीत द्यायचा अर्ज दाखवायला आणला. इंग्लिश बरं होतं, पण वर ‘डिअर सर’ आणि खाली ‘युवर्स सिन्सिअरली’, त्यात युवर्सच्या एसच्या आधी वरती एक कॉमा लटकलेला. मी म्हटलं हे जुळत नाही बघ, तर म्हणती, "मामा, दोन्ही चालतंय की, टायपिंगवाल्यानंच घातलंय."

चालतंय खरं, त्यापायी कोण अर्ज फाडत नाही. पण वाचणारा जुन्या वळणाचा असला तर त्याची नजर तिथंच अडकती.

ठरवायचं कसं, तर खाली बघू नका, वर बघा. वर माणसाचं नाव नाही, नुसतं ‘डिअर सर’, ‘सर ऑर मॅडम’ किंवा आपलं लाडकं ‘रिस्पेक्टेड सर’ असेल तर फेथफुली. ‘डिअर मिस्टर पाटील’ असं नाव असेल तर सिन्सिअरली. ही ब्रिटिश पद्धत, आपल्या शाळांत तीच आलीय. आपल्याकडं हेडमास्तर, तहसीलदार, बँक मॅनेजर असं हुद्द्यालाच लिहायचं असतंय, कन्नडात लिहायला हात बसत नाही आणि मराठी अर्ज कौंटरवर घेतील का नाही याचा भरवसा नाही म्हणून इंग्लिश, तर तिथं डोळे झाकून फेथफुली घाला. मराठीतलं ‘आपला विश्वासू’ आणि कन्नडातलं ‘इंती तम्म विश्वासी’ जिथं शोभतंय तिथंच हे शोभतंय, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे.

सिन्सिअरली थोडं जवळचं. इंटरव्ह्यू होऊन गेलाय, साहेबाचं नाव माहीत आहे, मग हेच. ‘डिअर पाटील सर’ लिहिलं तर? माझ्या मते नाव आलं, म्हणजे सिन्सिअरली. आणि बेंगळूरच्या एखाद्या अमेरिकन कंपनीला लिहायलास तर हा घोळच नाही, अमेरिकेत फेथफुली सहसा कोण घालत नाही, नुसतं ‘सिन्सिअरली’ बास. रोजच्या ईमेलला दोन्ही जड होतात, ‘रिगार्ड्स’ घाला आणि मोकळे व्हा. ‘युवर ओबिडिअंट सर्व्हंट’ मात्र आजोबांच्या ट्रंकेतच राहू दे.

खरी चूक निवडीपेक्षा स्पेलिंगमध्येच जास्त दिसती. युवर्समध्ये वरचा कॉमा कधीच नसतो. फक्त वाय कॅपिटल, पुढचा एफ किंवा एस स्मॉल. फेथफुलीत एल दोन, आणि सिन्सिअरलीत आरनंतरचा ई खाऊ नका.

भाचीला शेवटी एचआरच्या बाईंचं नाव कळलं. मग वरचं ‘डिअर सर’ काढून तिनं ‘डिअर मिसेस’ करून आडनाव घातलं, खालचं सिन्सिअरली तसंच ठेवलं, फक्त तो कॉमा काढला, आणि माझ्याकडं बघून हसली.