आमचे गाणे आता त्याच्या नावावर आहे: गोव्यातल्या बँडवाल्यांनो, हे वाचाच

गेले ते 1,00,700 रुपये. त्यातले 76,700 ‘प्रमोशन पॅकेज’चे आणि 24,000 ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून. स्टुडिओचे 45,000 मी यात धरत नाही, कारण पर्वरीच्या त्या स्टुडिओवाल्याने पै न पै वसूल होईल असे काम दिले. आम्हाला लुबाडले ते त्यानंतर, गाणे तयार झाल्यावर. पैशांपेक्षा जास्त जळते ते याचे की आमचे गाणे आज दुसऱ्याच्या लेबलच्या (गाणी काढणाऱ्या कंपनीच्या) नावावर आहे.

आम्ही चौघे फोंड्याचे. अल्टरनेटिव्ह रॉक वाजवतो आणि मराठीत गातो. गोव्यात अशा बँडचे काय होते ते वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर ते मार्च किनारपट्टीवर गिग मिळतात, पण तिथे कव्हर्सच, म्हणजे दुसऱ्यांची गाणीच, वाजवा म्हणतात. जत्रेत नाटक, नाहीतर ऑर्केस्ट्रा. स्वतःची मराठी गाणी घेऊन जायचे कुठे? म्हणून पहिले सिंगल तरी नीट करायचे ठरवले. ड्रम्स क्लिकवर (लय धरून देणाऱ्या टिकटिकीवर) आधी घेतले, मग बेस, मग दोन्ही गिटारी. शेवटच्या कडव्यात ड्रम्स एकदम थांबतात आणि आवाज आणि गिटारचा फीडबॅक (ॲम्पसमोर धरल्यावर घुमणारा सूर) एवढेच उरते. ती जागा मनासारखी येईपर्यंत आमचा गिटारवाला ॲम्पसमोर वीतभर पुढे, वीतभर मागे सरकत राहिला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे एका पोलीस अधिकाऱ्याने मला तोंडावर सांगितले, “गाणेच ना? परत रेकॉर्ड करा.”

माणूस भेटला आसगावच्या एका कार्यक्रमात. पणजीत ऑफिस असल्याचे कार्ड, मऊ बोलणे, आम्हाला सारखे दादा-दादा. “दादा, असेच टाकलेत तर गाणे वाहून जाईल. लेबल पाहिजे, एडिटोरियल प्लेलिस्ट पाहिजे.” म्हणजे ॲपचे संपादक स्वतः निवडतात ती गाण्यांची यादी. इतर बँडचे आकडे त्याने फोनवर दाखवले. महिन्यात 1 लाख स्ट्रीम्सची, म्हणजे गाणे 1 लाख वेळा ऐकले जाण्याची, हमी दिली. आजवर चार पैसे मोजूनही कुणी आमची गाणी ऐकली नव्हती, त्यामुळे आम्हाला ते खरे वाटले. यात आम्ही मूर्ख होतो असे मी अजूनही मानत नाही. एडिटोरियल प्लेलिस्ट विकत मिळत नाही, हे लिहून ठेवा. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये गाणे यायच्या किमान 7 दिवस आधी स्वतः त्या यादीसाठी पिच करता (सुचवता) येते, तेही फुकट. त्याचे पैसे मागणारा चोर समजा.

आता त्या बिलाकडे येतो. 65,000, वर 18 टक्के जीएसटीचे 11,700, एकूण 76,700. पत्ता पणजीचा. जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होणारा. मी फोंड्याला हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचा कोड असतात: गोव्याचा 30, महाराष्ट्राचा 27. कुठलेही बिल हातात आले की माझी नजर आधी त्या दोन आकड्यांवर जाते. शिवाय कर सीजीएसटी (केंद्राचा) 9 आणि एसजीएसटी (राज्याचा) 9 असा फोडलेला, जसा राज्यातल्या राज्यात असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीवर गोव्याच्या गिऱ्हाईकाला बिल द्यायचे तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागतो. एका कागदावर दोन चुका, दोन्ही माझ्या रोजच्या कामातल्या. ते बिल फोनवर आले तेव्हा दुकानासमोर सिमेंटची गाडी उतरत होती, हमाल मोजणी विचारत होते, आणि हा माणूस मेसेजवर मेसेज पाठवत होता की गाणे यायचा शुक्रवारचा स्लॉट जाईल. मी बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. यूपीआयवर कंपनीचे नाही, एका व्यक्तीचे नाव आले, त्यावर तो म्हणाला, “पार्टनरचे खाते आहे, दादा.” पाठवले.

“तुला कळायला हवे होते” असे मला घरातसुद्धा ऐकवले गेले. चौघांचे साठवलेले पैसे, तोंडावर आलेली तारीख आणि डोक्यावर उभा असलेला मालक, अशा वेळी कोण पोर्टल उघडून बसतो? तरी तुम्ही बसा. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की करदात्याचे नाव दिसते. आम्ही फार उशिरा टाकला. तो एका कापडाच्या व्यापाऱ्याचा निघाला.

गाणे यायच्या आदल्या रात्री त्याने ‘क्लिअरन्स’ अडकल्याचे सांगून 24,000 मागितले. नाही दिले तर आधीचे 76,700 बुडणार होते, म्हणून दिले.

पाच दिवसांत 38,412 स्ट्रीम्स. मग बेसवाल्याने शहरांची यादी उघडली. जवळपास सगळे ऐकणारे परदेशातल्या दोन शहरांतले. गोवा, मुंबई, पुणे मिळून 300 सुद्धा नाहीत. गाणे सेव्ह केलेले लोक 11. सगळे बॉट, म्हणजे माणसे नव्हे, आपोआप गाणे वाजवणारे प्रोग्रॅम. 2024 पासून उघड बनावट स्ट्रीम्स सापडले की स्पॉटिफाय वितरकाकडून (गाणे ॲपवर चढवणाऱ्या कंपनीकडून) त्या गाण्यामागे दंड घेते, त्यामुळे वितरकही असे गाणे ठेवून घेत नाहीत. आमचे उतरवले गेले आणि त्याच आठवड्यात या माणसाचा फोन बंद झाला. आम्ही गाणे स्वतः यूट्यूबवर टाकले, तर त्यावर त्याच्या लेबलचा कॉपीराइट दावा! डब्ल्यूएव्ही, म्हणजे गाण्याची मूळ मास्टर फाइल त्याला आम्हीच दिली होती. त्याने आयएसआरसी (रेकॉर्डिंग ओळखण्याचा) क्रमांक आणि गाण्याच्या मालकाची ओळ दोन्ही आपल्या नावाने टाकली. मास्टर फाइल कुणाच्या हाती देऊ नका, वितरकाचे खाते स्वतःच्या ईमेलवर उघडा.

पोलिसांचे काय सांगू. सायबरवाले म्हणाले पैसे तुम्ही स्वखुशीने दिले, स्थानिक ठाण्यात जा. स्थानिक ठाणे म्हणाले ऑनलाइन व्यवहार आहे, सायबरला जा. मराठीत लिहिलेला अर्ज परत केला, इंग्रजीत आणा म्हणून. 1987 च्या राजभाषा कायद्याने गोव्याच्या सरकारी कामकाजात कोकणीबरोबर मराठीलाही जागा दिली आहे, हे मी काउंटरवर सांगायचे काय? इंग्रजीत नेला तर पोच द्यायला शिक्का सापडेना. मग हद्दीचा प्रश्न: पैसे फोंड्याहून गेले, पत्ता पणजीचा, खाते राज्याबाहेरचे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. ते कलम मी छापून नेले, साहेबांनी उलटून पाहिले नाही. बँक म्हणते एफआयआर आणा, ठाणे म्हणते बँकेचे पत्र आणा. एक जण तर विचारतो, गाण्यावर लाख रुपये कोण घालवतो? माझ्या घरी चोरी झाली असती तर कपाटात एवढे पैसे का ठेवले असे विचारले असते का? खातेधारकाचे नाव माझ्या फोनवर होते, ते कुणी लिहूनसुद्धा घेतले नाही. तुमचे पैसे गेले तर ठाण्याच्या आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, आणि त्याच तासात लावा. आम्ही आधी त्या माणसालाच फोन करत बसलो.

थोडा दिलासा वकिलांकडून मिळाला. आमच्या एका पानाच्या करारात मुदत नाही आणि प्रदेशही नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असे हस्तांतरण पाच वर्षांचे आणि भारतापुरते धरतात. शिवाय गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा 2012 च्या दुरुस्तीनंतर करार करूनही काढून घेता येत नाही. सही करण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवे होते. नोटिशीची फी 7,500.

यूट्यूबवर हरकत घेतली आहे, दावेदाराला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. सेशनच्या फाइल्स, स्टेम्स (वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक), स्टुडिओची पावती सगळे जपून ठेवले आहे. पणजीचा पत्ता आणि 27 ने सुरू होणारा क्रमांक असलेले असले बिल तुमच्याकडे असेल तर फाडू नका, चॅट पुसू नका. वकिलांना आमच्याखेरीज आणखी तक्रारदार हवे आहेत.