लिनक्स कर्नल 6.6: सर्व्हरवरील टाइमर आणि शेड्युलर

ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या आणि दीर्घकालीन देखभालीसाठी निवडल्या गेलेल्या लिनक्स कर्नल 6.6 मधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या या गाभ्यातला, सर्वांत मोठा बदल शेड्युलरचा आहे. कोणत्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) प्रोसेसरवर केव्हा चालावे हे शेड्युलर ठरवतो. 2007 पासून वापरात असलेल्या सीएफएस या शेड्युलरची जागा ईईव्हीडीएफ या नव्या शेड्युलरने घेतली. प्रत्येक प्रोसेसला न्याय्य वाटा देण्याचे तत्त्व कायम आहे. मात्र ज्या प्रोसेसना आपला वाटा मिळणे बाकी आहे, त्यांच्यापैकी जिची मुदत सर्वांत जवळ आली असेल तिला आता प्रोसेसरचा कोअर मिळतो. डेटाबेस, वेब सर्व्हर आणि बॅकअप एकाच यंत्रावर चालत असतील, तर हा बदल मला निःसंशय चांगला वाटतो, कारण जुन्या शेड्युलरमधील अंदाजावर बेतलेले बरेच नियम त्यामुळे निकाली निघाले.

या शेड्युलरची परीक्षा करताना टाइमर टिक, म्हणजे कर्नलला ठरावीक अंतराने मिळणारा घड्याळाचा ठोका, विसरून चालत नाही. आठ किंवा अधिक कोअरच्या यंत्रावर मूळ टाइम स्लाइस, म्हणजे प्रोसेसला एका वेळी मिळणारा अवधी, 3 मिलिसेकंदांचा असतो, परंतु तो संपला की नाही हे सर्वसाधारणपणे टिक आल्यावरच पाहिले जाते. एचझेड, म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या टिकांची संख्या, 250 असेल तर टिक दर 4 मिलिसेकंदांनी येते आणि स्लाइस तेवढा लांबतो. 100 असेल तर तो 10 मिलिसेकंदांपर्यंत जातो. रांगेत दुसरी प्रोसेस ताटकळत असेल तेव्हाच हा फरक जाणवतो. त्यामुळे गर्दीच्या वेळी उत्तरे रेंगाळणाऱ्या सर्व्हरसाठी मी 1000 निवडेन आणि तासन्‌तास आकडेमोड करणाऱ्या यंत्रावर 250 तसेच ठेवेन. हा आकडा कर्नल कंपाइल करतानाच ठरतो, ही अडचण मात्र आहे.

याहून मोठा फटका क्लॉकसोर्समुळे, म्हणजे कर्नल ज्यावरून वेळ मोजतो त्या घड्याळामुळे, बसू शकतो. टीएससी हा प्रोसेसरमधलाच काउंटर विश्वासार्ह नाही असे कर्नलने ठरवले आणि तो एचपीईटी या वेगळ्या हार्डवेअर टाइमरवर गेला, की जी वेळ एरवी कर्नलमध्ये न शिरता वाचता येते, तिच्यासाठी दर वेळी सिस्टम कॉल करून संथ हार्डवेअर वाचावे लागते. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये क्वेरीच्या टप्प्यांना लागलेला वेळ दाखवणारी ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ ही आज्ञा चालवताना घड्याळ सतत वाचले जात असल्याने तीच क्वेरी भलतीच मंद दिसते. म्हणून शेड्युलरला हात लावण्यापूर्वी चालू क्लॉकसोर्स पाहावा आणि घड्याळ वाचायला किती वेळ लागतो हे मोजणारे, पोस्टग्रेस्क्यूएलसोबत मिळणारे ‘पीजी टेस्ट टायमिंग’ चालवावे.

माझी खरी तक्रार जुन्या सेटिंग्जबाबत आहे. शेड्युलरची बरीच सेटिंग्ज 5.13 मध्ये सिसकंट्रोलमधून (कर्नलची सेटिंग्ज बदलण्याच्या नेहमीच्या सोयीतून) डीबगएफएस या तपासणीसाठीच्या फाइल सिस्टममध्ये गेली आणि 6.6 मध्ये त्यांतली काही नाहीशीच झाली. परिणामी वर्षानुवर्षे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उतरवत आणलेल्या फायलींतील त्या ओळी आता निरुपयोगी आहेत आणि त्या काढून टाकाव्यात. बॅकअप किंवा कॉम्प्रेशनसारख्या कामांना शेड्युलरचे ‘बॅच’ हे धोरण द्यावे, म्हणजे जागे होताच ती चालू कामाला बाजूला सारत नाहीत. प्रत्येक प्रोसेससाठी वेगळा स्लाइस मागण्याची सोय मात्र 6.6 मध्ये नाही. ती 6.12 मध्ये आली, आणि तोही दीर्घकालीन देखभालीचाच कर्नल असल्याने ज्यांना ही सोय हवी आहे त्यांनी थेट तोच घ्यावा.