कंट्रोलर बॅटरीला खेटूनच हवा: कॅम्परमधल्या सोलरचा वापरानंतरचा अनुभव

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर, आतून घर केलेली. एरवी ती खारघरला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असते, सुट्टी जमली की कोकणात. छतावर १७० वॉटची दोन पॅनेल, मागच्या सीटखाली १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि या दोघांमध्ये व्हिक्ट्रॉनचा स्मार्टसोलर १००/३० हा चार्ज कंट्रोलर, पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारा डबा. म्हणजे पॅनेलकडून जास्तीत जास्त १०० व्होल्ट घेणार, बॅटरीला ३० अँपिअरपर्यंत देणार. मेचं ऊन आणि जुलैचा पाऊस दोन्ही बघून झालेत.

कंट्रोलर चांगलाच आहे, त्यावर फार लिहायला नको. खरी मेख वायरिंगमध्ये आहे.

काम करणाऱ्या मिस्त्रींचं म्हणणं होतं, कंट्रोलर वर छताच्या कपाटात लावू, पॅनेलची वायर तिथेच उतरते, दिसायलाही छान. मी म्हटलं, नको दादा, खाली बॅटरीजवळ लावा. थोडी धुसफूस झाली. पण हिशोब बघा. वरून बॅटरीपर्यंत चार मीटर, जाऊन-येऊन आठ. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर धरली तर २० अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो. कंट्रोलर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवर. त्याला १४.२ दिसतात, बॅटरीला मिळतात १३.७. त्याला वाटतं झालं, आता हात आखडता घ्यावा. बॅटरी उपाशी आणि कंट्रोलरच्या मोबाइल ॲपवर सगळं आलबेल! आता १६ स्क्वेअर एमएमची मीटरभरापेक्षा कमी वायर आहे. भर दुपारी, पूर्ण करंट चालू असताना मल्टिमीटर आधी कंट्रोलरवर, मग बॅटरीच्या खुंट्यांवर लावला, फरक ०.०५ व्होल्ट.

पॅनेलची वायर लांब गेली तरी चालतं, कारण दोन्ही पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली आहेत, त्यामुळे व्होल्टेजची बेरीज होते आणि करंट कमी राहतो. ३६ व्होल्टच्या आसपास, आठेक अँपिअर. एवढ्यात पाव व्होल्ट गेला तर जाऊ दे. सिरीजचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळला. हा कंट्रोलर चार्जिंग सुरू करायला पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट जास्त मागतो. पॅनेल पॅरलल (शेजारी-शेजारी जोडलेली, व्होल्टेज एकाच पॅनेलएवढं) असती तर मळभ असताना किंवा पत्रा तापल्यावर ते काठावर आलं असतं. सिरीजमध्ये सकाळी लवकरच जागा होतो.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलटं. बॅटरी जोडली की त्याला सिस्टीम १२ व्होल्टची की २४ ची हे कळतं.

त्रास झाला तो फ्यूजचा. मिस्त्रींनी पॉझिटिव्हला गाड्यांच्या दुकानातला पात्यांच्या फ्यूजचा होल्डर टाकला होता. एप्रिलमध्ये सीट उचलली तर जळक्या प्लास्टिकचा वास. फ्यूज शाबूत, होल्डर मात्र एका बाजूने तपकिरी होऊन वाकलेला. फ्यूजचा यात दोष नाही. करंट मर्यादेतच होता. पण सैल पकडीत १० मिलिओहमचा रोध जरी आला तरी २० अँपिअरला ४ वॉट उष्णता एका ठिपक्यात साठते. मग लोहार चाळीतून नट-बोल्टने आवळायचा ४० अँपिअरचा फ्यूज, टिन केलेले (कथिलाचा मुलामा दिलेले) लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायच्या भोकाच्या पट्ट्या, आणि उष्णतेने आवळणारी नळी आणली. लग प्रेसने वायरवर दाबून बसवून (क्रिम्प करून) घेतले, पक्कडीने दाबून नाही. फ्यूज बॅटरीच्या खुंटीपासून वीतभर अंतरावर आहे. आता हात लावला तर कोमट. खाडीच्या दमट हवेत उघड्या तांब्याचे लग हिरवट पडतात, हे आधीच्या लगांवर दिसलं होतंच.

कंट्रोलरचं सेटिंग लिथियमचं ठेवलं: भरताना १४.२ व्होल्ट, भरल्यावर टिकवायला (फ्लोट) १३.५, आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणारी तापमान भरपाई शून्य. ५ अंशांखाली चार्जिंग बंद करायची सोयही आहे, खारघरात ती शोभेची. इथे उलट प्रश्न: ४० अंशांवर गेला की कंट्रोलर आपली पूर्ण ताकद देत नाही. मे महिन्यात बंद सीटखाली तेच होत होतं. दोन्ही बाजूंना जाळी कापली, वर-खाली दहा सेंटिमीटर मोकळे ठेवले, फरक पडला.

वीज किती? मोकळ्या उन्हात, फ्रिज चालू असताना सव्वा युनिटपर्यंत. जुलैत सलग झड लागली की पाव युनिटलाही मारामार, आणि एकट्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजलाच दिवसाला जवळपास अर्धा युनिट लागतो. त्यात दुपारनंतर शेजारच्या टॉवरची सावली. तिथे कुठलाच कंट्रोलर काही करू शकत नाही. म्हणून इंजिन चालू असताना अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या जनित्रावरून) ही बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर आता घेतोय. त्यालाही जागा बॅटरीशेजारीच ठेवली आहे, मिस्त्रींना यावेळी आधीच सांगून.