टाकीचा तळ: ॲक्वासॉइल, नदीची वाळू की शेतातली माती?

माशांच्या टाकीत (ॲक्वेरियममध्ये) पाणवनस्पती लावताना खाली काय घालायचं, हे ठरवायच्या आधी नळाचं किंवा बोअरचं पाणी तपासा. खान्देशात बोअरचं पाणी बहुधा जड असतं: बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर भागत नाही, थेंबांचं केएच किट घ्या. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण. तळाची निवड त्या आकड्यावर ठरते.

हिशेब २ फूट बाय १ फूट टाकीचा धरू. पुढे ३ सेंमी, मागे ७ सेंमी असा उतार दिला की साधारण ९ लिटर माल लागतो. वाळू असेल तर तेवढ्याला सुमारे १४ किलो.

ॲक्वासॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे. त्यात खत असतं आणि ते पाण्यातला केएच ओढून पीएच ६ ते ६.८ च्या आसपास ठेवतात. समोरच्या भागात गवतासारखा दाट गालिचा हवा असेल, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) लावणार असाल, तर याला तोड नाही. पण जड पाण्यात त्याची हीच ताकद आधी खर्च होते. दर पाणीबदलाला नवा केएच आत येतो, दाणे तो शोषत राहतात आणि केएच ८ च्या वर असेल तर काही महिन्यांतच पीएच पुन्हा वर सरकतो. खत उरतं, पण ज्या गुणासाठी जास्तीचे पैसे मोजले तो जातो. उपाय आहे: केएच १२ च्या बोअरच्या एका भागाला आरओचे तीन भाग मिसळले की केएच ३ होतो. दर आठवड्याला एवढं आरओ पाणी काढणं जमणार असेल तरच हा माल घ्या.

दुसरी अडचण सुरुवातीची. नवं ॲक्वासॉइल दोन ते चार आठवडे अमोनिया सोडतं, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज निम्मं पाणी बदलावं लागतं. या टाकीला ते रोजचं २५ लिटरच्या आसपास जातं. जिथे नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येतं, तिथे मे महिन्यात हा उद्योग करू नये. पीएच ७ चा ८ झाला की अमोनियाचा विषारी वाटा सुमारे दहापट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासे सोडू नका.

शेतातली माती स्वस्त आणि कसदार, पण इथे सगळ्यात जास्त टाक्या तीच बिघडवते. भेगा पडणारी काळी कापसाची माती ओली झाली की फुगते, चिकट होते, तिच्यात हवा-पाणी फिरत नाही. मग खाली काळे डाग पडतात, काडी खुपसली की सडक्या अंड्याच्या वासाचे बुडबुडे येतात आणि मुळं कुजतात. तिच्यात चुनखडीचे खडेही असतात, म्हणजे आधीच जड पाणी आणखी जड. कपाशीच्या किंवा केळीच्या शेतातली असेल तर फवारणीचे अंश कोळंबीच्या जिवावर उठतात. मातीच वापरायची असेल तर न फवारलेल्या जागेचा पोयटा घ्या. शेणखत, युरिया काहीही नको. चाळा, पाण्यात भिजवून वर तरंगणारा काडीकचरा तीन-चारदा ओतून टाका, २ सेंमी थर द्या आणि वर ४ सेंमी वाळू. नंतर झाड उपटलंत तर टाकी गढूळ होते, कात्रीने छाटा.

वाळू आणि रूट टॅब (मुळांशी खोचायच्या खताच्या गोळ्या) हा आमच्या मते खान्देशातल्या बहुतेक घरांसाठी योग्य पर्याय. १ ते ३ मिमीचा दाणा हवा, प्लास्टरची बारीक वाळू घट्ट बसते. तापी-गिरणेची म्हणून मिळणारी वाळू घेताना मूठभर वेगळी काढा, हातमोजे घालून उघड्यावर तिच्यावर बाथरूम साफ करायच्या ॲसिडचे थेंब टाका. फसफसली तर त्यात चुनखडी किंवा शिंपले आहेत, ती वाळू नको. तपासलेली मूठ फेकून द्या. क्रशरची वाळूही चालते, पण ती पुष्कळ धुवावी लागते आणि कोरीडोरास (तळाशी चरणारे मिशावाले छोटे मासे) पाळायचे असतील तर टाळाच, धारदार कडांनी त्यांच्या मिशांना इजा होऊ शकते.

वाळूत स्वतःचं खत नसतं, म्हणून रूट टॅब दर १० ते १५ सेंमीवर, अगदी बुडापर्यंत खोचा आणि साधारण तीन महिन्यांनी नवे द्या. गोळी वर राहिली की पाण्यात विरघळून शेवाळ वाढवते. व्हॅलिस्नेरियाला जड पाणी मानवतं, ॲमेझॉन स्वोर्ड आणि क्रिप्टोकोरीनही जमतात. फक्त अनुबियास आणि जावा फर्न लावणार असाल तर कुठलीही वाळू चालेल, त्यांना दगडाला किंवा लाकडाला बांधा. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की सडतं.

लागवड शक्यतो दिवाळीनंतर करा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा कोपऱ्यातली टाकीही ३२-३३ अंशांवर जाते, पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि नव्या मुळांना जम बसवायला तो सगळ्यात वाईट काळ असतो.