परदेशी ग्राहकांसाठी वेबसाइट: विजेट, यंत्र की अनुवादक?

व्यवसायाची वेबसाइट आणखी दोन-तीन भाषांत करायची ठरली की सगळ्यांचं पहिलं लक्ष खर्चाकडे जातं. त्याआधी एक काम करा. ग्राहक शोध घेतो तिथपासून पावतीचा ईमेल मिळेपर्यंतचे सगळे टप्पे कागदावर उतरवा आणि त्यातले किती त्याच्या भाषेत असतील ते बघा. खालचे पर्याय मी याच मापाने तोलले आहेत.

भाषांतर कुणी करायचं?

सगळ्यात स्वस्त म्हणजे पानावर भाषांतराचं विजेट, म्हणजे तयार छोटं साधन, बसवणं. थोडासा कोड टाकला की काम झालं. पण असं भाषांतर बहुतेक वेळा वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होतं, आणि मग जर्मन किंवा जपानी पानाला स्वतःचा वेब पत्ताच नसतो. त्या भाषेत शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही, म्हणजे पहिल्याच टप्प्यावर गाडी अडते. दुसरी अडचण संदर्भाची. बटणावर 'बुक' एवढा एकच शब्द असतो, आजूबाजूला वाक्य नसतं, आणि आरक्षणाच्या जागी 'पुस्तक' येतं. 'होम'चं 'घर' झालेलं तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. नुसती माहिती वाचणाऱ्याला एवढं चालेलही, पण ती सोय आता क्रोमसारखे ब्राउझर स्वतःच देतात. विक्री करायची असेल तर विजेटचा विचार सोडून द्या.

दुसरा मार्ग म्हणजे मसुदा यंत्राचा आणि संपादन माणसाचं. याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात आणि त्यासाठी आयएसओ 18587 हे मानक 2017 पासून आहे. 2016 मध्ये गूगल ट्रान्सलेटने अख्खं वाक्य एकत्र घेऊन भाषांतर करणारी न्यूरल पद्धत आणली, तेव्हापासून साध्या, सलग गद्याचा मसुदा बऱ्याच भाषांत वापरण्याजोगा येऊ लागला. वस्तूंची वर्णनं, मदतीची पानं, नेहमीचे प्रश्न यांच्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन. फक्त संपादकाला एक्सेलमधले सुटे शब्द पाठवू नका, प्रत्यक्ष पान दाखवा. आणि एका वस्तूला सगळीकडे एकच नाव राहावं म्हणून शब्दसूची आधी पक्की करा.

मुख्यपान, जाहिरातीचा मजकूर, चेकआउट (पैसे भरायचं पान) आणि परताव्याच्या अटी मात्र ती मातृभाषा असलेल्या माणसाकडून नव्याने लिहून घ्या. परताव्याच्या अटीतला चुकीचा शब्द म्हणजे तुम्ही न दिलेलं वचन, आणि ग्राहक त्यावर बोट ठेवणारच. बहुतेक साइटवर अशी पानं दहा-बारा असतात, त्यामुळे हा खर्च वाटतो तेवढा मोठा नाही.

पत्ता कुठला घ्यायचा?

वेब पत्त्याच्याही तीन वाटा आहेत: देशाचं डोमेन, सबफोल्डर आणि सबडोमेन. जर्मनीच्या डॉट डीई किंवा जपानच्या डॉट जेपीसारखं त्या देशाचं डोमेन घेतलं तर ग्राहकाला भरवसा वाटतो आणि सर्च इंजिनलाही देश लगेच कळतो. पण सर्च इंजिनकडे प्रत्येक डोमेनची पत शून्यापासून उभी करावी लागते. काही डोमेनना पात्रतेची अटही असते. डॉट सीएसाठी कॅनडाशी अधिकृत संबंध लागतो. युरोपीय संघाच्या डॉट ईयूच्या अशाच अटीमुळे ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या अनेक कंपन्यांना आपले पत्ते गमवावे लागले. शिवाय हे डोमेन देशाचं असतं, भाषेचं नसतं. डॉट डीईवर ऑस्ट्रियाचा ग्राहक जर्मन वाचेल, पण डिलिव्हरी आपल्याकडे होते का, असा प्रश्न त्याला पडेलच.

सबफोल्डरमध्ये (मूळ पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन '/de' लावणं) सगळं एकाच डोमेनखाली राहतं, देखभालही एकाच ठिकाणी. एखाद्या देशाची टीम किंवा सर्व्हर वेगळा असेल तरच सबडोमेन (मूळ पत्त्याआधी 'de.' लावणं) घ्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सबफोल्डरच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

पत्ता कुठलाही घ्या, एचरेफलँग टॅग नीट लावा. कुठलं पान कुठल्या भाषेसाठी आणि देशासाठी आहे हे सांगणारी ही खूण गूगलने 2011 मध्ये आणली. ती दोन्ही बाजूंनी लागते. इंग्रजी पानाने फ्रेंच पानाचा उल्लेख केला तर फ्रेंच पानानेही इंग्रजीचा करायला हवा, नाहीतर ती धरली जात नाही. मी तपासलेल्या एका साइटवर ब्रिटनच्या पानांना 'ईएन-यूके' असा कोड दिलेला होता. देशांच्या कोडच्या प्रमाण यादीत ब्रिटनचा कोड 'जीबी' आहे आणि भाषांच्या यादीत 'यूके' हा युक्रेनियन भाषेचा. पौंडातले भाव असलेली पानं तयार असूनही ब्रिटनमधल्या ग्राहकाला शोधात डॉलरचे भाव दिसत होते, आणि कित्येक महिने ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आपोआप वळवायचं की विचारायचं?

विचारायचं. पानं वाचून शोधासाठी नोंदवणारा गूगलचा प्रोग्राम, म्हणजे बॉट, बहुतांशी अमेरिकेतून येतो, त्यामुळे आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून देश ओळखून) वळवलंत तर त्याला अमेरिकी आवृत्तीच दिसत राहील. युरोपीय संघात तर 3 डिसेंबर 2018 पासून ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या देशाच्या आवृत्तीवर पाठवायला मनाईच आहे. पानाच्या वर भाषा निवडायची एक पट्टी ठेवा आणि प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेत, त्याच लिपीत लिहा. झेंडे नकोत. स्पॅनिश वीसेक देशांची अधिकृत भाषा आहे, आणि एकट्या स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय भाषा चार आहेत.

भाषांतरानंतर मोडणाऱ्या गोष्टी

इंग्रजीतला 'व्ह्यूज' हा पाच अक्षरी शब्द इटालियनमध्ये 'विझुअलिझ्झात्सिओनी' होतो, म्हणजे रोमन लिपीत पंधरा अक्षरं. बटणाची रुंदी ठरलेली असेल तर तो कापला जातो. अरबीसाठी सगळी मांडणीच उजवीकडून डावीकडे फिरवावी लागते. अनेकवचनाचं तर आणखी अवघड. संगणकावरच्या लिप्या-भाषांचं प्रमाण ठरवणाऱ्या युनिकोडच्या नियमांत संख्येनुसार अरबीची सहा रूपं आहेत, जपानीचं एकच. आकड्यापुढे शब्द चिकटवून वाक्य बनवणारा कोड तिथे टिकत नाही. येनला दशांश नसतो, कुवेती दिनारला तीन दशांश असतात. 03/04 ही तारीख कुणाला 3 एप्रिल वाटते, कुणाला 4 मार्च, म्हणून महिना अक्षरी लिहा.

पत्त्याचा फॉर्म आवर्जून बघा. हाँगकाँग आणि संयुक्त अरब अमिरातीत पोस्टल कोड नाहीत. तो रकाना सक्तीचा ठेवलात तर तिथला ग्राहक कार्ड हातात घेऊन अडकून बसतो. कार्डही सगळीकडे पुरत नाही. ब्राझीलमध्ये 2020 साली आलेली पिक्स ही झटपट पैसे पाठवायची सोय नसेल तर बरेचजण तिथूनच परत जातात.

किती भाषा घ्यायच्या, याचं माझं उत्तर असं: एक घ्या आणि ती पावतीपर्यंत न्या. पाच भाषांत नुसतं मुख्यपान असण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. मग ती भाषा बोलणाऱ्या एका माणसाला खरीखुरी ऑर्डर द्यायला बसवा, आणि नंतर ती रद्दही करायला सांगा. ईमेलचे साचे बहुधा वेगळ्या सिस्टिममध्ये असतात, आणि रद्द झाल्याचा ईमेल हमखास इंग्रजीतच राहिलेला असतो.